प्रवासाला नेण्याजोगी गळाची काठी

उन्हाळ्याच्या सुट्टीत हिमालयाकडे जाणारे शिक्षक आणि विद्यार्थी आता आपल्या खेड्यापाड्यांतूनही निघू लागले आहेत. कुलूच्या खोऱ्यात किंवा काश्मीरच्या ओढ्यांवर गेले म्हणजे एक दृश्य हमखास दिसते. गुडघाभर थंडगार पाण्यात एक माणूस उभा असतो. त्याच्या हातात बोटाएवढी बारीक, नऊ फूट लांब काठी असते. ती तो मागेपुढे झुलवतो आणि त्याबरोबर जाडसर दोर हवेत वेटोळी घेत पाण्यावर अलगद जाऊन पडतो. थोड्या वेळाने तो माणूस काठाशी येतो, काठीचे चार तुकडे करतो, हातभर नळकांड्यात ठेवतो आणि पाठीवर टाकून चालू लागतो. पाहणाऱ्याला वाटते, आपल्यालाही हे जमेल काय? मग दुकानात चौकशी केली की एवढे प्रकार समोर येतात की माणूस गोंधळून जातो. म्हणून आज आपण या काठीचाच विचार करू. ती कशी चालते, तिचे तुकडे किती असावेत, आणि पदरचे पैसे खर्च करण्यापूर्वी काय पाहावे?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट सांगतो. गावच्या ओढ्यावर चार मासे धरायचे असतील, तर यातले काही विकत घेण्याची गरज नाही. वेळूची सरळ काठी, पुरेसा तंगूस, गळ आणि गांडूळ एवढ्यावर आपले वाडवडील मासे धरीत आले आणि अजूनही धरता येतात. आज ज्या काठीची गोष्ट आहे, ती कृत्रिम माशीने मासा धरणाऱ्याची काठी. ट्राउट नावाचा थंड पाण्यातला मासा पाण्यावर पडलेले किडे आणि माश्या टिपून खातो. म्हणून गळाला पिसे आणि दोरे गुंडाळून खोटी माशी बनवतात आणि ती त्याच्यापुढे टाकतात.

आता अडचण पाहा. आपल्या नेहमीच्या गळाला शिसे बांधलेले असते. ते वजन फेकले की बारीक तंगूस त्याच्यामागे ओढला जातो. हे गोफणीसारखे झाले, जड धोंडा जातो आणि आपले काम होते. पण पिसांच्या माशीला वजनच नाही. ती फेकली तर पायाशीच पडेल. म्हणून या पद्धतीत वजन माशीत न ठेवता दोरात ठेवतात. जाड, जड दोर काठीने हवेत उलगडायचा आणि त्याच्या टोकाला बांधलेली माशी त्याच्याबरोबर जाईल, अशी ही युक्ती. गाडीवान आसूड फिरवतो तेव्हा हाताजवळची हालचाल वादीतून पुढे पुढे जात शेवटच्या टोकापर्यंत पोचते, नाही का? तेच तत्त्व येथे आहे. गोफण आणि आसूड यांतला हा फरक लक्षात ठेवला, म्हणजे पुढचे सगळे समजायला सोपे जाईल.

आसुडाच्या वादीला साजेसा दांडा लागतो. तसेच येथे दोर आणि काठी यांची जोडी जमावी लागते. त्यासाठी दोरांना क्रमांक दिलेले आहेत. अमेरिकेत १९६१ च्या सुमारास ठरलेली ही पद्धत आता जगभर चालते. दोराच्या पहिल्या ३० फुटांचे वजन किती, यावर क्रमांक ठरतो. ३ क्रमांकाच्या दोराचे हे वजन सुमारे साडेसहा ग्रॅम, ५ क्रमांकाचे ९ ग्रॅम आणि ८ क्रमांकाचे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास असते. प्रत्येक काठीवर मुठीच्या वर बारीक अक्षरांत तिची लांबी आणि दोराचा क्रमांक लिहिलेला असतो. ५ क्रमांकाच्या काठीला ५ क्रमांकाचाच दोर घ्यावा. हलका घेतला तर काठी वाकत नाही. जड घेतला तर ती लुळी पडते. दोन्ही वेळा दोष आपल्या हाताचा आहे असे नवशिक्याला वाटते, पण खोट जोडीत असते.

काठी वाकली पाहिजे, हे खरं. पण वाकणारी वस्तू तुकड्यातुकड्यांची केली की प्रश्न उभा राहतो, कारण जेथे सांधा आला तेथे ती वाकत नाही. धनुष्याच्या कमानीला मधे लोखंडी पट्टी ठोकली तर काय होईल, याची कल्पना करा. या प्रश्नाशी माणूस पाचशे वर्षांहून अधिक काळ झगडतो आहे. १४९६ साली इंग्लंडात गळाने मासे धरण्याच्या कलेवर एक छोटा ग्रंथ छापला गेला. त्यात पोकळ केलेल्या दांड्याच्या पोटात वरचा बारीक तुकडा कसा दडवावा, म्हणजे ती काठी वाटसरूच्या हातातल्या काठीसारखी दिसेल आणि माणूस कोठे निघाला हे कोणाला कळणार नाही, असे सांगितलेले आहे. तेव्हा प्रवासी काठीची हौस काही आजची नाही.

पुढे एकोणिसाव्या शतकात बांबू चिरून काठ्या होऊ लागल्या. बांबूच्या सहा तिकोनी चिपा काढायच्या, त्या रंधून अगदी सारख्या करायच्या आणि सरसाने एकत्र चिकटवून षट्कोनी काठी बनवायची. आपल्याकडचे बुरूड बांबूची चीप काढताना पाठीकडचा भाग जपतात, कारण बळ तेथेच असते. हेच शहाणपण या काठीत आहे. चिपांची पाठ बाहेर राहते आणि पोटाकडचा मऊ भाग काढून टाकतात. सुरुवातीला यासाठी लागणारा बांबू आपल्या देशातून जाई आणि तो 'कलकत्ता' या नावाने ओळखला जाई. पुढे चीनच्या दक्षिण भागातल्या 'टोंकिन' बांबूने त्याची जागा घेतली. या काठ्यांचे सांधे धातूच्या नळ्यांचे असत. ते जड आणि ताठर. त्यामुळे दोन किंवा तीन तुकड्यांच्या पलीकडे जाणे परवडत नसे. चार फूट लांबीचे ओझे घेऊनच आगगाडीत बसावे लागे.

दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूच्या पोकळ काठ्या आल्या आणि १९७३-७४ च्या सुमारास कार्बनतंतूच्या काठ्या बाजारात आल्या. विमानांसाठी म्हणून १९६० नंतरच्या दशकात इंग्लंडात ज्या धाग्यांवर संशोधन झाले, तेच हे धागे. कार्बनची काठी हलकी आणि ताठ असते. महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिचा सांधाही त्याच पदार्थाचा करता येतो. वरच्या तुकड्याचे तोंड खालच्या तुकड्याच्या टोकावर टोपणासारखे बसते, किंवा खालच्या तुकड्यात बसवलेली खुंटी वरच्या तुकड्याच्या पोकळीत जाते. असा सांधा काठीबरोबर थोडाफार वाकतो. म्हणून आज चार तुकड्यांची काठी ही सर्वसाधारण झाली आहे. चांगल्या बनावटीची असेल तर दोन तुकड्यांच्या आणि चार तुकड्यांच्या काठीतला फरक बहुतेकांच्या हाताला कळत नाही.

आता हिशोब करू. शिक्षकबंधूंना हे गणित वर्गातही घालता येईल. नऊ फूट म्हणजे सुमारे २७४ सेंटिमीटर. सांध्यात एक तुकडा दुसऱ्यावर चढतो, त्यासाठी प्रत्येक तुकडा थोडा लांब ठेवावा लागतो. म्हणून दोन तुकडे केले तर प्रत्येक सुमारे १४० सेंटिमीटरचा, चार केले तर ७० ते ७२ चा आणि सहा केले तर ४८ ते ५० चा होतो. सात केले तर ४५ च्या आत येतो. ही झाली काठीची लांबी. नळकांडे त्याहून चार-पाच सेंटिमीटर लांब असते.

यापुढचा प्रश्न, आपला प्रवास कोणत्या वाहनाचा? एस. टी.च्या फळीवर किंवा रेल्वेच्या बाकाखाली ७५ सेंटिमीटरचे नळकांडे सहज राहते. पाठीवरच्या मोठ्या पिशवीच्या बाजूला बांधूनही चालता येते. तेथे चार तुकड्यांची काठी पुरते. विमानाचे मात्र वेगळे आहे. देशातल्या विमानात हातातली पेटी साधारणपणे ५५ सेंटिमीटर लांब, ३५ रुंद आणि २५ खोल एवढीच चालते. पेटीच्या तळाच्या कर्णावर ठेवू म्हणाल, तर पायथागोरसाचा सिद्धांत लावून पाहा. ५५ आणि ३५ यांचा कर्ण ६५ सेंटिमीटरच भरतो. खालच्या कोपऱ्यापासून वरच्या समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर घेतले तरी ते ७० पर्यंतच जाते. म्हणजे चार तुकड्यांचे नळकांडे कसेही तिरके केले तरी या पेटीत मावणार नाही. ते खाली द्यायच्या सामानात टाकावे लागेल. ते चालत असेल तर प्रश्नच नाही. काठी जवळच हवी असेल तरच सहा किंवा सात तुकड्यांची घ्यावी. गळ, कात्री, चिमटा ही टोकदार वस्तू असल्याने ती खाली द्यायच्या सामानातच ठेवावी, आणि विमान कंपनीचा नियम आधी विचारून घ्यावा.

जास्त तुकड्यांची किंमतही मोजावी लागते, पैशातही आणि कामातही. चार तुकड्यांत तीन सांधे, सात तुकड्यांत सहा सांधे. प्रत्येक सांधा थोडे वजन वाढवतो, थोडी लवचीकता खातो आणि सैल होण्याची एक जागा वाढवतो. बनवणाऱ्याला प्रत्येक सांध्यासाठी श्रम पडतात, म्हणून त्याच दर्जाची काठी महागही होते. यातून एक साधा नियम निघतो. आपल्या प्रवासाला जेवढे तुकडे आवश्यक आहेत तेवढेच घ्यावेत, त्याहून एकही अधिक नको.

एकात एक सरकणाऱ्या, दुर्बिणीसारख्या मिटणाऱ्या काठ्याही दुकानात दिसतात आणि त्या स्वस्त असतात. शिसे लावून गळ फेकायला त्या ठीक. पण माशीच्या जड दोराला त्या बहुधा निरुपयोगी ठरतात. दोर ज्या कड्यांतून जातो, त्या कड्या अशा काठीवर फक्त प्रत्येक तुकड्याच्या टोकालाच बसवता येतात. दोन कड्यांमधे दोर लोंबतो आणि काठीला चिकटतो. शिवाय कण्हाळ वाळूचा एक कण आत गेला तरी तुकडे अडकून बसतात.

याला एक सुंदर अपवाद आहे. जपानच्या डोंगरी भागात मासे धरून विकणाऱ्या कोळ्यांनी 'तेनकारा' नावाची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालवली. तिच्यात चक्री नाही आणि कड्याही नाहीत. दोर थेट काठीच्या शेंड्याला बांधायचा. पूर्वी ही काठी वेळूची असे, आता सरकत्या तुकड्यांची कार्बनची असते. उघडली की ११ ते १३ फूट आणि मिटली की दीड-पावणेदोन फूट. वजन नाममात्र. डोंगरातले अरुंद, खळाळते ओढे आणि लहान मासे यांसाठी ती फार सोयीची, आणि आपल्या वेळूच्या काठीवर हात बसलेल्या माणसाला ती लवकर साधते. पण तिच्या मर्यादा ओळखा. मासा मोठा निघाला तर त्याला सोडायला जादा दोर नाही. एकतर दोर तुटेल, नाहीतर काठी. म्हणून मोठ्या नदीवर आणि मोठ्या माशासाठी तिचे काम नाही.

मग कोणत्या माशासाठी कोणती काठी? ट्राउट मुळात आपल्या देशातला नव्हे. काश्मीरात तो १९०० च्या सुमारास आणला गेला, कुलूकडे १९०९ मध्ये त्याची पैदास सुरू झाली. त्याला थंड पाणी लागते, म्हणून तो महाराष्ट्राच्या नद्यांत नाही. हिमाचलातल्या तीर्थन किंवा बरोटच्या उहल नदीसारख्या पाण्यावर साडेआठ ते नऊ फुटांची ४ किंवा ५ क्रमांकाची काठी पुरते. आपला देशी महसीर मात्र वेगळ्या ताकदीचा. त्याच्यासाठी नऊ फुटांची ८ किंवा ९ क्रमांकाची काठी आणि भरपूर जादा दोर मावणारी चक्री लागते. एकाच काठीवर दोन्ही भागतील म्हणून मधला क्रमांक घेऊ नये. ती ट्राउटला जड आणि महसीरला अपुरी पडते.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही, माशाच्या जिवाचा प्रश्न आहे. दख्खनच्या महसीराचे 'खुद्री' हे शास्त्रीय नाव कर्नल साइक्स याने १८३९ मध्ये आपल्या पुण्याकडच्या नदीतल्या माशावरून दिले. हा मासा आपल्या घरचा आहे. महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीचे मासे म्हणून लोकांनी महसीर राखले आहेत. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० नंतर त्यांची पिल्ले वाढवून ती नद्या-तलावांत सोडण्याचे काम केले. हिमालयातला सोनेरी महसीर आज संकटग्रस्त मानला जातो आणि कावेरीतला मोठ्या कुबडाचा महसीर २०१८ मध्ये अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या जागतिक यादीत गेला. अशा माशाला कमकुवत काठीने तासभर झुंजवत ठेवले, तर तो इतका थकतो की सोडून दिल्यावरही मरतो. सोडणारा समजतो की आपण त्याला जीवदान दिले, पण मासा पुढच्या डोहात उलटा तरंगत असतो. पुरेशी ताकदीची काठी, अकडा नसलेला गळ आणि मासा ओल्या हाताने धरून पाण्यातच सोडणे, या तीन गोष्टी पाळल्या तर तो जगतो. जेथे देवाचे किंवा सरकारचे राखीव पाणी आहे तेथे काठी उघडूच नये. हिमाचलात आणि काश्मीरात मत्स्यखात्याचा परवाना घ्यावा लागतो. हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा ट्राउटच्या विणीचा काळ बंदीचा असतो. त्या महिन्यांत तिकडे काठी नेण्यात अर्थ नाही.

आता दुकानात उभे राहून काय पाहावे ते सांगतो. काठी पुरी जोडून पाहा. प्रत्येक सांध्यापाशी ठिपके असतील तर ते एका रेषेत आणा. डोळ्याजवळ धरून शेंड्याकडे बघा, सगळ्या कड्या एका ओळीत दिसल्या पाहिजेत. हळूच हलवा. सांध्यातून टकटक आवाज आला तर ती घेऊ नका. खुंटीच्या सांध्यात दोन तुकड्यांमधे थोडी फट राहते. ती दोष नव्हे, झिजेसाठी ठेवलेली जागा आहे. कड्यांवर गुंडाळलेला दोरा आणि त्यावरचे रोगण नीट बघा. मूठ बुचाची असते, तिच्यात मोठाली भोके भरलेली नसावीत. फार ताठ, फक्त शेंड्यालाच वाकणारी काठी पट्टीच्या हाताला शोभते. नवशिक्याने अर्ध्यापर्यंत वाकणारी, मध्यम काठी घ्यावी. ती हाताच्या चुका पोटात घालते. शेंड्याचा तुकडा सर्वांत आधी मोडतो, म्हणून तो वेगळा मिळतो की नाही हे विचारूनच पैसे द्या. पैसे थोडे असतील तर काठी मध्यम घ्या पण दोर चांगला घ्या. चक्रीवर फार खर्च नको. ट्राउटच्या कामात ती बहुतेक वेळ दोर गुंडाळून ठेवण्यापुरतीच असते.

जोडताना तुकडा थोडा तिरपा धरून बसवावा आणि फिरवत सरळ रेषेत आणावा. अर्ध्या-पाऊण तासाने प्रत्येक सांधा हाताने दाबून बघण्याची सवय लावा. सैल सांधा हे काठी मोडण्याचे एक मोठे कारण आहे. खुंटीच्या सांध्याला मेणबत्तीचे मेण किंचित चोळावे, तेल लावू नये. सांधा अडकला तर पक्कड लावू नका, पोकळ नळी चिरडते. काठी गुडघ्यांच्या मागे आडवी धरा, हात गुडघ्यांच्या बाहेरून सांध्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा आणि गुडघे बाहेर ढकला. जोर सरळ रेषेत लागतो आणि सांधा सुटतो. घरी आल्यावर काठी कोरडी करून, सावलीत वाळवून मगच नळकांड्यात घाला. ओली कोंडली तर बुचाला बुरशी येते आणि रोगणाला फोड धरतात.

शेवटी सर्वांत महत्त्वाची सूचना, आणि ती मुलांना जरूर सांगा. कार्बनमधून वीज वाहते. नऊ फुटांची काठी खांद्यावर उभी धरून चालणारा माणूस म्हणजे विजेचा एक उंच मार्ग. आपल्याकडे शेतांवरून आणि नदीपात्रावरून गेलेल्या तारा कित्येक ठिकाणी खाली झोळलेल्या असतात. उच्च दाबाच्या तारेला प्रत्यक्ष स्पर्श व्हावाच लागतो असेही नाही. म्हणून तारांखालून जाताना काठी सोडवून तुकड्यांत न्यावी, तारांजवळ दोर फेकू नये आणि ढगांचा गडगडाट ऐकू आला की काठी खाली ठेवून पाण्याबाहेर यावे. ओली झालेली वेळूची किंवा काचतंतूची काठीही याला अपवाद नाही.

तेव्हा श्रोतेहो, सारांश असा. आधी मासा ठरवा, त्यावरून दोराचा क्रमांक ठरेल. मग वाहन ठरवा, त्यावरून तुकड्यांची संख्या ठरेल. एस. टी. आणि रेल्वेने हिमाचलला जाऊन ट्राउट धरणाऱ्या शिक्षकाला नऊ फुटांची, ५ क्रमांकाची, चार तुकड्यांची मध्यम काठी पुष्कळ झाली. फक्त लहान ओढ्यांवर हिंडायचे असेल तर तेनकारा त्याहूनही स्वस्तात काम भागवील. आणि गावच्याच नदीवर बसायचे असेल, तर बेटातली एक सरळ वेळूची काठी तोडून आणा आणि वाचलेल्या पैशांत शाळेसाठी चार पुस्तके घ्या.